पन्नाशी गाठली म्हणून काउंटर सोडायचं? संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाने काढलेलं परिपत्रक आमच्या शाखेत रात्री पावणेअकराला पोचलं. व्हॉट्सॲपवर, पीडीएफ म्हणून. वयाची पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या लिपिकांना आणि कॅशियरना टप्प्याटप्प्याने काउंटरवरून उचलून 'रेकॉर्ड व साहाय्य' विभागात न्यायचं आणि त्यांच्या जागी करारावरचे तरुण अधिकारी बसवायचे, असा निर्णय. कारणादाखल एकच ओळ: 'बदलत्या ग्राहकवर्गाला अनुरूप डिजिटल-सजग मनुष्यबळ.' ज्यांच्याबद्दल हा निर्णय होता, त्यातल्या काहींना तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत, दुसऱ्या शाखेच्या माणसाकडून कळला.

मी रीतसर मार्गाने आधी लिहिलं होतं. शाखा व्यवस्थापकांमार्फत मनुष्यबळ विभागाकडे अर्ज गेला आणि 'नोंद घेण्यात आली आहे' एवढं उत्तर आलं. आपली बँक सहकारी आहे, तिचे मालक सभासद आहेत. त्यामुळे ही गोष्ट सभासदांच्या कानावर घालण्यात बेशिस्त झाली असं मला वाटत नाही. बँकेचं नाव मात्र लिहीत नाही. सहकारी बँकेबद्दल मुंबईत नुसती कुजबूज झाली तरी सकाळी शटरपुढे रांग लागते, आणि इथे ठेवींचा प्रश्नच नाही. ठेवी सुखरूप आहेत. प्रश्न माणसांचा आहे.

मी परळ-लालबाग भागातल्या शाखेत अधिकारी आहे. लिपिक म्हणून लागले, आता शेहेचाळिशीत आहे. माझ्या डाव्या हाताला कॅशियर काका बसतात, त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. उजव्या हाताला करारावर आलेली चोवीस वर्षांची मुलगी. काका मला 'बाळ' म्हणतात, ती मला 'मॅम' म्हणते, आणि एकमेकांबद्दलच्या तक्रारी दोघंही माझ्याकडे करतात. चार वर्षांनी पन्नाशी मलाही गाठायची आहे, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

शाखेत पिढ्यांची कुरबुर आहे का? आहे. काकांना लॉकरच्या वारस-प्रकरणातली खाचखळग्यांसकट सगळी माहिती तोंडपाठ, पण कुणाला सांगतील तर शपथ. 'विचारा, मग सांगतो' हा खाक्या. विचारलं की आधी 'आमच्या वेळी'पासून सुरुवात. ती मुलगी दुपारी कानात इयरफोन घालून बसते, आणि काही अडलं की समोर बसलेल्या माणसाला विचारायच्या आधी थेट विभागीय कार्यालयाला मेल टाकते, सीसीमध्ये चार साहेब. काकांना तो अपमान वाटतो. तिला वाटतं, मी तर नियमाने वागले. हे रोजचं आहे. पण माझं म्हणणं असं की या कुरबुरी एकत्र जेवायला बसणाऱ्या कुठल्याही घरात असतात. त्या मिटवायला वर कुणीतरी बोलणारं लागतं. गेल्या दोन वर्षांत आपण बोलणंच बंद केलंत, आणि त्यातून जे बिघडलं त्याला 'पिढ्यांतलं अंतर' असं नाव दिलंत.

याच 'पिढ्यांतल्या अंतरा'वर आपण आमच्यासाठी जे प्रशिक्षण ठेवलंत, त्याबद्दल आधी सांगते. सल्लागार कंपनीचे एक गृहस्थ आले, दिवसभर वातानुकूलित हॉल, आणि पडद्यावर तक्ता: बूमर, एक्स, मिलेनियल, झेड. कुणाला फोन आवडतो, कुणाला मेसेज, कुणाला शाबासकी, कुणाला मोकळीक. आता गंमत बघा. बूमर हा शब्द अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मदर वाढला, १९४६ ते १९६४ मधल्या त्या पोरांना तो चिकटला. लालबागच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? शिवाय त्याच तक्त्याप्रमाणे काका आणि मी एकाच खोक्यात पडतो, 'एक्स'मध्ये. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर आहे आणि चहात साखर किती यावरसुद्धा एकमत नाही. अमेरिकेच्याच नॅशनल अकॅडमीज ऑफ सायन्सेस, इंजिनिअरिंग अँड मेडिसिन या संस्थेने २०२० साली यावर अहवाल काढला. कामाच्या ठिकाणचे निर्णय या पिढ्यांच्या खोक्यांवर घ्यावेत इतका संशोधनाचा आधार त्यांना नाही, असं त्यात म्हटलं आहे. जिथून हे खूळ आलं तिथले लोक सावध झाले, आणि आपण फी मोजून ते घरी आणलं. त्या दिवसापासून चहाच्या टेबलावर पोरं काकांना 'बूमर' म्हणून हसतात. तेवढंच त्या प्रशिक्षणाचं फलित.

माणूस असा का बोलतो हे समजून घ्यायचं असेल तर त्याला मुंबईने काय दाखवलं ते विचारा. काकांचे वडील कापडगिरणीत, साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा काका शाळेत होते. वडील परत कामावर गेलेच नाहीत. अशा घरातल्या माणसाच्या हातात 'आपली बाजूच्या विभागात व्यवस्था करण्यात येत आहे' हे वाक्य पडलं, तर तो ते कसं वाचेल? गेट बंद झाल्यासारखंच वाचणार. माझं म्हणाल तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आम्ही शाखेतच रात्र काढली आणि व्यवस्थापकांनी प्रत्येकाच्या घरी लँडलाइनवरून फोन लावून निरोप दिला. साहेब म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. आणि त्या मुलीचं कॉलेज २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलच्या पडद्यावर झालं. कुणाच्या टेबलापाशी जाऊन 'साहेब, हे कसं करायचं?' असं विचारायची सवय लागायला आधी टेबलापाशी जाता तर यायला हवं होतं ना? ती मेल टाकते यात उद्धटपणा नाही. तिला दुसरं काही कुणी शिकवलेलं नाही, आणि आपल्याकडे आल्यावर आपणही शिकवलं नाही.

'डिजिटल-सजग नाहीत' हा ठपका तर मला फारच लागला. ज्यांच्यावर तो ठेवलात त्यांनी हातातली लेजरं सोडून लेजर पोस्टिंग मशीन घेतलं, मग शाखेचा संगणक, मग सगळ्या शाखा एकाच सिस्टिमवर जोडणारं कोअर बँकिंग. जुनी खाती नव्या सिस्टिमवर चढवताना शनिवार-रविवार घरी न जाता नावंपत्ते ताडून पाहिले ते यांनीच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या घोषणेनंतर पाचशे-हजारच्या नोटा मोजत रात्री दहापर्यंत बसले तेही हेच. टाळेबंदीत लोकल बंद असताना अत्यावश्यक सेवेच्या बसने हेलपाटे घालत आले. यांची चाचणी घेतली का कुणी? एकाचीही नाही. जन्मतारीख बघितली आणि यादी केली.

जुन्या काळाचा एक दाखला देते, मोठ्या बँकांतला. संगणक आला की नोकऱ्या जाणार म्हणून १९८०च्या दशकात बँक युनियनांनी कडाडून विरोध केला होता. तरी १९८३ साली युनियन आणि बँक व्यवस्थापनांची संघटना इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, समोरासमोर बसून, कलमावर कलम वाटाघाटी करून. त्यात पुष्कळ ताणाताण झाली असेल. पण मशीन यायच्या आधी बोलणी झाली. आम्हाला पीडीएफ आली.

आता एक प्रसंग, कारण तुमच्या कुठल्याही अहवालात तो येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी जुने खातेदार नाना आले. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेले पैसे त्यांनी आपल्याकडे एफडीत ठेवले आहेत. ती एफडी मोडायची, सगळी, आणि आजच्या आज आरटीजीएस करायचं म्हणाले. काकांनी फॉर्म घेतला आणि तसेच थांबले. हा माणूस दहा हजार काढायचे तरी मुलाला सोबत आणतो, आणि एफडीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. आज पावती नुसतीच चुरगळलेली हातात, मुलगा नाही, आणि शर्टाच्या खिशात फोन उभा, कॅमेरा बाहेर, पडदा चालू. 'नाना, मुलगा कुठाय?' नाना बोलेनात. नुसता खिशावर हात ठेवला. काहीतरी पाणी मुरतंय एवढं काकांना कळलं, काय ते कळेना. पण त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि 'जरा सर्व्हर स्लो आहे, बसा' म्हणाले. पलीकडून ती मुलगी उठून आली. पे-इन स्लिपच्या पाठीवर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फोनवर पोलीस आहेत का?' आणि काचेखालून सरकवलं. नानांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

तो 'डिजिटल अरेस्ट'चा कॉल होता. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॉल कापला तर घरी अटक, पैसे 'तपासणीसाठी' या खात्यात भरा. आपल्या कायद्यात असली अटकच नाही, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. तिने नानांच्या खिशातून फोन काढून बंद केला, मुलाला बोलावलं, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून दिला. काकांनी नानांना आत नेऊन पाणी दिलं आणि मुलगा येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. एक रुपया गेला नाही.

काका नसते तर नाना एकटे आलेत यात काही वावगं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं असतं? तिच्या लेखी ते फॉर्म नीट भरलेले एक खातेदार होते. आणि ती नसती तर काकांनी शंका येऊनही सही जुळते म्हणून पैसे पाठवले असते, कारण असल्या फसवणुकीची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. ती एका परिपत्रकात होती म्हणे, इंग्रजीतल्या, अठरा पानी. तुमच्या नव्या निर्णयानंतर त्या काउंटरवर या दोघांपैकी एकच उरणार आहे.

दुसरी तक्रार सकाळच्या मीटिंगची. पूर्वी शटर वर जायच्या आधी दहा मिनिटं सगळे व्यवस्थापकांच्या टेबलाभोवती उभे राहायचे, शिपायापासून. काल काय अडलं, आज कोण रजेवर, कुठला नियम बदलला. ती मीटिंग 'वेळेचा अपव्यय' म्हणून बंद झाली आणि तिच्या जागी पाच व्हॉट्सॲप ग्रुप आले. केवायसीचा नवा फॉर्म कुठल्या ग्रुपवर आला होता हे शोधण्यात आता दहा मिनिटांहून जास्त जातात. मेसेज रात्री येतात. काका झोपलेले असतात, त्यामुळे ते 'अपडेटेड नाहीत'. ती मुलगी जागी असते, उत्तर देते, त्यामुळे दुसऱ्या रात्री तिलाच विचारलं जातं. मी कल्याणची गाडी पकडून घरी पोचते, भाजी फोडणीला टाकते आणि एका हाताने 'नोटेड सर' टाइप करते. निळी टिक आली म्हणजे निरोप पोचला असं वरच्यांना वाटतं. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून तसा हक्क आहे. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक आदेश पुरेल.

तिसरी तक्रार तरुणांच्या वतीने, कारण ती करायला ते धजत नाहीत. अकरा महिन्यांचा करार, त्यावर विमा विकण्याचं टार्गेट, आणि कामाबद्दल कुणी काही बोलणार ते थेट मुदत संपताना, एका फॉर्मवर. मध्ये एकदाही नाही. 'हे का करायचं?' असं विचारलं की 'ॲटिट्यूड' आहे. मग सोडून गेले की 'ही पिढी टिकत नाही.' अहो, तुम्ही त्यांना अकरा महिन्यांसाठीच ठेवलं होतं! त्यांच्यासाठी काउंटर रिकामा करून तुम्ही उपकार केलेत असंही कुणी समजू नये. शिकवणारा माणूस उचलून रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचा आणि नवशिक्याला एकटं रोखीवर बसवायचं, यात रोख कमी भरली तर पगारातून कुणाच्या कापणार?

परिपत्रकांच्या भाषेबद्दल फार लिहीत नाही. आमच्या काउंटरवर मराठी चालते, हिंदी चालते, गुजराती चालते. सल्लागारांची इंग्रजी तेवढी चालत नाही.

त्या प्रशिक्षणात एक गोष्ट मात्र कामाची ऐकली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ साली आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकायला तरुण कर्मचाऱ्यांच्या जोडीला बसवलं, आणि स्वतःही शिकायला बसले. सल्लागारांनी ती स्लाइड पटकन पुढे ढकलली. मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब, आपल्या शेजारी शिकवायला कोण बसतं?

आता मागण्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: वयावर आधारलेलं हे परिपत्रक मागे घ्या. काउंटरवर कोण बसणार हे ठरवायला चाचणी हवी असेल तर जरूर घ्या, पण चोविशीपासून निवृत्तीला आलेल्यांपर्यंत सगळ्यांची, एकच, आणि त्यात सिस्टिमबरोबर रोख, सही, वारस-प्रकरणं आणि फसवणूक ओळखणं हेही असू द्या. जो कमी पडेल त्याला आधी शिकवा, नंतर हलवा.

सकाळची दहा मिनिटं परत द्या. नवा नियम लागू व्हायच्या आधी तो तिथे तोंडी सांगितला जावा, आणि त्याचं एक पानी मराठी टिपण फळ्यावर लागावं.

रात्री आठ ते सकाळी आठ उत्तराची अपेक्षा असणारा मेसेज नको. सर्व्हर बंद पडला किंवा खात्यात घोटाळा दिसला तर फोन करा, आम्ही उचलू. आजवर उचलत आलोच आहोत.

प्रत्येक शाखेत एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा. शिकवणं दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून ठरलेला तास, तो कामाच्या वेळेत धरलेला. जेवणाची सुट्टी मारून नव्हे. निवृत्त होणाऱ्याने जाण्यापूर्वी आपल्याजवळची माहिती लिहून द्यावी, हा नियम करा. काकांसारख्यांना हे आवडणार नाही, त्यांच्याशी मी भांडेन.

करारावरच्या मुलांशी व्यवस्थापकांनी दर तीन महिन्यांनी समोर बसून बोलावं, काय चांगलं, काय नाही, करार पुढे जाणार की नाही हे स्पष्ट सांगावं आणि त्याची लेखी प्रत मुलांना द्यावी.

आणि संचालक मंडळातल्या प्रत्येकाने तिमाहीत एक दिवस कुठल्याही शाखेत, न कळवता, काउंटरच्या आतल्या बाजूला बसावं. बुके नको, फोटो नको. पगाराच्या आठवड्यातला दिवस निवडलात तर उत्तम.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे. माझी आई आपल्या बँकेची जुनी सभासद आहे. हे परिपत्रक कुणाशी चर्चा करून काढलं आणि सल्लागारांना किती फी दिली, असे दोन प्रश्न तिने लेखी दिले आहेत. मुख्य कार्यालयाच्या शिक्क्याची पोच आमच्याकडे आहे. ती वांगणीहून येणार आहे आणि तिला ऐकायला थोडं कमी येतं, तेव्हा उत्तर माइकवरून द्यावं, ही विनंती.

कळावे,

आपली,
परळ-लालबाग भागातल्या शाखेतली एक अधिकारी